स्टेंट नको म्हणत नाही, सरसकट स्टेंट नको म्हणतोय

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात पन्नाशी ओलांडलेलं माणूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. नांदेड-लातूरकडच्या लोकांनी तर नक्कीच.

मी डॉक्टर नाही. गावाकडून शहरात दवाखान्याला येणाऱ्या लोकांसोबत जाणं, त्यांच्या फाईली वाचणं, योजनेच्या खिडकीवर उभं राहणं, बिलाचा हिशोब विचारणं, हे काम मी करत आलोय. त्यातून जे दिसलं आणि जगभरातल्या मोठ्या अभ्यासांतून जे समोर आलंय, ते एकत्र मांडतोय. डॉक्टरांबद्दल राग म्हणून हे लिहीत नाहीये. नांदेडात आणि लातूरात मध्यरात्री उठून पेशंटचा जीव वाचवणारे हृदयरोग तज्ज्ञ आहेत, त्यांना मी हात जोडतो. वाद त्यांच्याशी नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठळकपणे सांगतो, म्हणजे या पोस्टचा कुणी उलटा अर्थ काढू नये.

छातीत अचानक दगड ठेवल्यासारखं दाबलं, दरदरून घाम आला, कळ डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं चालली, तर तो हार्ट अटॅक असू शकतो. तेव्हा ही पोस्ट आठवायची नाही. तेव्हा १०८ ला फोन करायचा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा आणि डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. अटॅकमध्ये रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झालेली असते आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी वेळेत केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. यात शंका नाही, वाद नाही.

माझा वाद दुसऱ्या पेशंटबद्दल आहे.

हा दुसरा पेशंट चालत दवाखान्यात येतो. चढ चढला की छाती भरून येते, थांबलं की जाते. सहा महिने, वर्षभर असंच चाललंय. किंवा त्याला काहीच त्रास नाही, चौकातला बॅनर बघून "मोफत हृदयरोग तपासणी शिबिरा"त गेला. ईसीजी झाला, ट्रेडमिल झाली, मग "एकदा अँजिओ करून घेऊ" झालं. अँजिओत "सत्तर टक्के ब्लॉक" निघाला आणि संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला. आपल्याकडच्या भाषेत "स्प्रिंग टाकली".

या पेशंटला घरच्यांसमोर काय सांगितलं जातं? "वेळेवर आलात. टाकली नसती तर कधीही अटॅक आला असता." घरचे डोळे पुसतात, पाया पडतात, पैसे भरतात. आयुष्यभर सांगत फिरतात की मरता मरता वाचला.

हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. हे मी म्हणत नाही, अभ्यास म्हणतात.

२००७ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २२८७ पेशंटवरचा करेज नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे असेच, त्रास असलेले पण स्थिर पेशंट. अर्ध्यांना चांगली औषधं अधिक स्टेंट, अर्ध्यांना फक्त चांगली औषधं. साडेचार वर्षांनंतर हिशोब केला तर मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण स्टेंटच्या गटात १९ टक्के, औषधांच्या गटात साडेअठरा टक्के. म्हणजे फरक नाही.

तेव्हा स्टेंटवाल्यांनी म्हणलं, ते स्टेंट जुने होते, आता नवे औषध लावलेले स्टेंट आलेत, आता बघा. ठीक आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याहून मोठा इस्केमिया नावाचा अभ्यास आला. ५१७९ पेशंट, ३७ देश, त्यात आपला भारतही होता. हे पेशंट किरकोळ नव्हते, तपासणीत हृदयाला रक्त कमी पडतंय असं मध्यम ते गंभीर प्रमाणात दिसलेले होते. एका गटाला आधी अँजिओ आणि मग स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्या गटाला आधी औषधं आणि गरज पडली तरच पुढचं. तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात पहिल्या गटात मृत्यू किती? १४५. दुसऱ्या गटात? १४४. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. २०२२ मध्ये त्याच पेशंटचा आणखी पुढचा हिशोब आला, तेव्हाही एकूण मृत्यूंमध्ये फरक नव्हता. आणि औषधांवर ठेवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकालाच पुढं स्टेंट किंवा बायपास लागली. बाकीचे चौघं त्याशिवाय राहिले.

मग स्टेंटचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ज्यांना छातीत कळ येते त्यांची कळ स्टेंटनं कमी होते. पण इथंही खुबी आहे. २०१७ साली इंग्लंडमध्ये ऑर्बिटा नावाचा अभ्यास झाला. २०० पेशंट, सगळ्यांना आधी औषधं नीट लावली. मग अर्ध्यांना खरा स्टेंट बसवला, अर्ध्यांना नुसतं टेबलवर घेऊन तसंच परत आणलं, कुणाला काय झालं ते पेशंटला सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. २०२३ मध्ये त्याच लोकांनी दुसरा अभ्यास केला, यावेळी कळ कमी करणाऱ्या गोळ्या बंद ठेवून. तेव्हा मात्र स्टेंटवाल्यांची कळ स्पष्टपणे कमी झाली, जरी बऱ्याच जणांची पूर्ण गेली नाही.

या सगळ्याचा साध्या भाषेत अर्थ असा. स्थिर पेशंटमध्ये स्टेंट हा बहुतेक वेळा त्रास कमी करण्याचा उपाय आहे, आयुष्य वाढवण्याचा नाही. औषधं नीट घेऊनही त्रास जात नसेल, चालणं-कामधंदा होत नसेल, तर स्टेंट जरूर टाका. तो पेशंटचा हक्क आहे. पण "नाही टाकली तर मरशील" असं सांगून टाकू नका.

काही अपवाद आहेत, तेही लिहितो. डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशीच मोठा अडथळा असेल, हृदयाचं पंपिंग फार कमी झालं असेल, विश्रांतीतही कळ येऊ लागली असेल किंवा त्रास अचानक वाढला असेल, तर गोष्ट वेगळी. अशांना या अभ्यासांत घेतलेलंच नव्हतं. आणि शुगर असलेल्या, तिन्ही वाहिन्यांत ब्लॉक असलेल्या पेशंटसाठी चार-पाच स्प्रिंगा टाकण्यापेक्षा बायपास बरी, हे २०१२ च्या फ्रीडम नावाच्या अभ्यासात दिसलंय. पण बायपास करणारा सर्जन हैदराबादला किंवा पुण्याला असतो आणि स्टेंट टाकणारा समोर असतो. मग काय होतं ते तुम्हीच बघता.

आता लोक विचारतात, "अहो, पण नळीत कचरा अडकलाय, तो काढला तर फायदा होणारच ना?" नळाची उपमा डोक्यात इतकी बसलीय की निघत नाही. पण हृदयाची रक्तवाहिनी म्हणजे पाण्याचा पाईप नाही. चरबीचा थर वाहिनीच्या भिंतीत असतो, नुसता आत साचलेला नसतो. आणि अटॅक पुष्कळदा सगळ्यात मोठ्या ब्लॉकमुळं येत नाही. तीस-चाळीस टक्क्यांचा, अँजिओत किरकोळ दिसणारा मऊ थर फुटतो, त्यावर गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. स्टेंट एका जागेवर बसतो. थर सगळीकडं असतात. सगळीकडं काम कोण करतं? कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, शुगर ताब्यात ठेवणं, तंबाखू-बिडी सोडणं, रोज चालणं. हे कंटाळवाणं आहे, याची सीडी निघत नाही, पडद्यावर "आधी आणि नंतर" दाखवता येत नाही. म्हणून याला कुणी इलाजच समजत नाही.

आता आपल्याकडं हे कसं चालतं ते सांगतो.

आमच्या नात्यातले एक मामा, मुखेड तालुक्यातले. वय साठीच्या घरात. शेतात चढावर धाप लागायची. शहरात दाखवलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दवाखान्याचा नाही. अँजिओसाठी आत नेलं. वीस मिनिटांत बाहेर बोलावणं आलं. पडद्यावर एक काळी रेघ दाखवली. "दोन ब्लॉक आहेत. पेशंट टेबलवरच आहे. आत्ता टाकायचं का सांगा, पुन्हा घेतलं तर पुन्हा खर्च." पोरगा म्हणला, "डॉक्टरसाहेब, नाही टाकली तर?" उत्तर आलं, "मग माझी गॅरंटी नाही." मामी पदर तोंडाला लावून उभी. पोराच्या हातात पेन. सांगा, त्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? सही केली. दवाखाना योजनेत नव्हता. मामीचं सोनं बँकेत गेलं.

याला संमती म्हणायचं का?

सर्वोच्च न्यायालयानं याचं उत्तर २००८ मध्येच दिलंय. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती नसते. जीव वाचवायला तातडीचं असेल तर वेगळं. तो खटला हृदयाचा नव्हता, पण तत्त्व तेच. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, अँजिओप्लास्टी हा उपचार आहे. अँजिओच्या आधी वॉर्डात बसवून पेशंटला शांतपणे समजावलं, असं निघालं तर असं करू, तसं निघालं तर तसं, आणि मग सही घेतली, तर माझी काही हरकत नाही. पण पेशंट टेबलवर, नातेवाईक दारात, आणि दहा मिनिटांचा वेळ, याला मी संमती म्हणत नाही. याला अडवणूक म्हणतात.

आता पैशाकडं येऊ.

२०१७ च्या फेब्रुवारीपर्यंत औषध लावलेला स्टेंट लाखाच्या पुढं विकला जायचा. दिल्लीतले वकील बिरेंद्र सांगवान यांनी न्यायालयात लढा दिला, स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला, आणि केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं कमाल किंमत ठरवली. साधा स्टेंट ७२६० रुपये, औषधाचा २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याच वेळी प्राधिकरणानं हिशोब जाहीर केला की दवाखान्यांच्या पातळीवर नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात होता. सहाशे चोपन्न! आपल्या मोंढ्यात एखाद्या आडत्यानं इतका नफा काढला तर शेतकरी त्याचं दुकान बंद करतील.

नंतर दर थोडे वर-खाली झाले. आज औषधाच्या स्टेंटची कमाल किंमत चाळीस हजारांच्या आतच आहे. पण स्टेंटच्या किमतीला लगाम लागला म्हणजे बिलाला लागला असं नाही. बलून, कॅथेटर, वायर, प्रोसिजर चार्ज, आयसीयू, या कशाला तशी कमाल किंमत नाही. आणि एकाऐवजी तीन स्टेंट टाकायला तर किमतीची मर्यादा आडवी येतच नाही. किंमत बांधली, गरज कुणी बांधली नाही.

त्यात कट प्रॅक्टिस. पेशंट पाठवणाऱ्याला वाटा. हे मी कट्ट्यावरच्या गप्पांतून म्हणत नाहीये. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये 'डिसेंटिंग डायग्नोसिस' हे पुस्तक काढलं, त्यात डॉक्टरांनी स्वतःच हे सांगितलंय. २०१७ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुदा झाला, बातम्या झाल्या, कायदा काही झाला नाही. सरकारं बदलली, मसुदा फाईलीत राहिला.

आता योजना. महात्मा फुले जनआरोग्य योजना, पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. २०१२ च्या जुलैमध्ये पहिल्या टप्प्यात जे आठ जिल्हे घेतले त्यात आपलं नांदेड होतं. योजनेनं हजारो गरिबांचे जीव वाचवले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि योजना बंद करा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. २०२४ पासून तर पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आणि राज्यातल्या सगळ्यांना लागू. चांगलं आहे.

पण योजनेच्या रचनेत एक भोक आहे. योजना भरती झालेल्या पेशंटच्या प्रोसिजरला पैसे देते. पेशंटला अर्धा तास बसवून "तुम्हाला स्टेंटची गरज नाही, ही गोळी रोज घ्या, तंबाखू सोडा, महिन्यानं या" असं सांगणाऱ्या डॉक्टरला काय देते? शून्य. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्यांना काय देते? शून्य. मग दवाखाना कशाकडं झुकणार? यात एखादा डॉक्टर वाईट असण्याची गरज नाही. सगळे चांगले असले तरी उतार ज्या बाजूला आहे त्या बाजूलाच पाणी वाहतं.

याचं टोक काय असतं ते गुजरातनं दाखवलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलनं मोफत शिबिर घेतलं. एकोणीस जणांना गाडीत बसवून अहमदाबादला नेलं. अँजिओ झाल्या, सात जणांना स्टेंट टाकले, दोघं मेले. सरकारी योजनेचे पैसे काढण्यासाठी हे केल्याचा गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. त्या गावातले लोक आपल्या गावातल्या लोकांसारखेच होते. मोफत म्हणलं म्हणून गेले. आपल्याकडं असंच चाललंय असा आरोप मी करत नाहीये. मी विचारतोय की आपल्याकडं असं होऊ नये म्हणून नेमकी काय व्यवस्था आहे?

आणि स्टेंट बसल्यावर गोष्ट संपत नाही, सुरू होते. स्टेंट म्हणजे शरीरात बसवलेलं परकं धातू. त्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, अटॅक येऊन गेला असेल तर साधारण वर्षभर, न चुकता घ्याव्या लागतात. त्यानंतरही एक गोळी बहुधा जन्मभर. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, आणि तो अटॅक फार वाईट असतो. आता आपलं बघा. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात. तिथं गोळ्या कुठून आणायच्या? दात काढायचा म्हणून कुणीतरी गोळी बंद करायला सांगतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, "आता स्प्रिंग बसवली ना, मग गोळ्या कशाला?" आमच्या मामांनी हेच केलं. चार महिन्यांनी गोळ्या बंद. कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. नशीब की दुसऱ्या एका डॉक्टरांनी फाईल बघितली आणि रागावून पुन्हा सुरू केल्या. म्हणजे ज्या माणसाला धोका कमी करायला म्हणून स्टेंट टाकला, त्याला एक नवा धोका चिकटवून घरी पाठवला.

याची दुसरी बाजू तर जास्त चीड आणणारी आहे.

किनवट-माहूरकडच्या माणसाला रात्री दोन वाजता खराखुरा अटॅक आला तर काय? नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रस्ता तुम्हाला माहीत आहे. शास्त्र सांगतं की दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जागेवरच द्या आणि मग मोठ्या दवाखान्यात हलवा. यासाठी कॅथलॅब लागत नाही. ईसीजी मशीन लागतं, तो वाचणारा माणूस लागतो (ईसीजी मोबाईलवरून पाठवूनही वाचता येतो), इंजेक्शन लागतं आणि ते द्यायची हिंमत असलेला डॉक्टर लागतो. तामिळनाडूनं हे करून दाखवलं. लहान दवाखाने मोठ्या दवाखान्यांना जोडले, छोट्या ठिकाणी इंजेक्शन, मग मोठ्या ठिकाणी अँजिओ. २४२० पेशंटचा हिशोब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. म्हणजे दर शंभर अटॅकमागं तीनपेक्षा जास्त जीव वाचले. तेही आपल्यासारख्याच राज्यात, सरकारी दवाखाने हाताशी धरून.

आपल्या जिल्ह्यांत काय? ज्याला स्टेंटची घाई नाही त्याला तो त्याच दिवशी मिळतो. ज्याला मिनिटाची घाई आहे तो देगलूर, जळकोट, किनवटवरून गाडी शोधत निघतो आणि रस्त्यात जातो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले तेव्हा देशभरचे कॅमेरे नांदेडला आले. रस्त्यात एकेक करून मरणाऱ्यांसाठी कॅमेरा येत नाही.

आता डॉक्टर मंडळींचं म्हणणं. मी ऐकलंय, आणि ते खोटं नाही.

एक म्हणतात, "पेशंटलाच स्टेंट हवा असतो. गोळ्या दिल्या तर म्हणतात डॉक्टरला काही येत नाही, आणि हैदराबाद गाठतात." खरंय. आपल्या लोकांना सलाईन लावल्याशिवाय ताप उतरल्यासारखं वाटत नाही. पण लोकांचा हा समज कुणी तयार केला? "ब्लॉक म्हणजे टाइमबॉम्ब" हे बॅनरवर कुणी छापलं?

दुसरे म्हणतात, "गोळ्यांवर ठेवला आणि उद्या मेला तर लोक दवाखाना फोडतील. स्टेंट टाकून मेला तर निदान म्हणतील, प्रयत्न केला." हेही खरंय, आणि दवाखाने फोडणाऱ्यांचा मी निषेध करतो. पण भीतीपोटी केलेल्या उपचाराला उपचार म्हणता येत नाही. डॉक्टरला संरक्षण द्या, ही मागणी मी तुमच्याबरोबर उभं राहून करीन. त्याची किंमत गरिबाच्या छातीत धातू घालून वसूल करू नका.

तिसरे म्हणतात, "आमचा पेशंट पुन्हा येतच नाही. गोळ्या घेत नाही. मग एकदाच काय ते करून टाकलेलं बरं." या युक्तिवादाला तर माझं सरळ उत्तर आहे. जो गोळ्या घेणार नाही असं तुम्हाला वाटतं, त्याच्यासाठी स्टेंट सगळ्यात धोक्याचा आहे.

म्हणून मागण्या. नांदेड आणि लातूरच्या आमदार-खासदारांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी आणि आरोग्य विभागानं वाचाव्यात.

१. योजनेतून आपल्या दोन जिल्ह्यांत दर वर्षी किती स्टेंट टाकले गेले, त्यातले अटॅकमध्ये किती आणि स्थिर पेशंटमध्ये किती, दवाखान्यानुसार जाहीर करा. पेशंटचं नाव नको, आकडे द्या. पैसा जनतेचा आहे.

२. स्थिर पेशंटच्या स्टेंटला पूर्वपरवानगी देताना आधी नीट औषधं दिली होती का आणि हृदयाला रक्त कमी पडत असल्याचा पुरावा आहे का, हे बघा. ब्लॉक मध्यम असेल तर वायर घालून दाब मोजायची एफएफआर तपासणी असते, ती का केली नाही ते विचारा.

३. योजनेत गोळ्यांचा समावेश करा. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत ना? मग हृदयाच्या चार-पाच गोळ्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाल्या पाहिजेत. ऊसतोडीच्या गावीही.

४. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चोवीस तास ठेवा. विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था यांना तालुक्यांशी जोडा.

५. कट प्रॅक्टिसचा मसुदा बाहेर काढा आणि कायदा करा.

आणि तुमच्यासाठी. घरच्या माणसाला स्टेंट सांगितला, आणि अटॅक चालू नाही, तर न भांडता, नम्रपणे, पण ठामपणे हे प्रश्न विचारा:

— डॉक्टरसाहेब, हा अटॅक आहे का, की जुनाच त्रास आहे?
— स्टेंटनं आयुष्य वाढेल की फक्त त्रास कमी होईल?
— आधी दोन-तीन महिने औषधं घेऊन बघितलं तर चालेल का? नसेल तर का नाही?
— बायपास जास्त बरी आहे का?
— रक्त पातळ करायच्या गोळ्या किती महिने, आणि महिन्याचा खर्च किती?
— अँजिओची सीडी आणि रिपोर्ट द्या, आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय.

शेवटचा प्रश्न विचारायला घाबरू नका. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं हे डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांतच लिहिलेलं आहे. २०२१ पासून राज्यात प्रत्येक खासगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडं बघा, लावलंय का. योजनेच्या दवाखान्यात योजनेतल्या उपचारासाठी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.

ज्यांना आधीच स्टेंट बसलाय त्यांनी ही पोस्ट वाचून काळजी करू नये, आणि एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. बसला तो बसला. आता गोळ्या, चालणं आणि तंबाखूला रामराम, हेच तुमचं संरक्षण आहे.

एका स्टेंटमागं एक गहाण पडलेली जमीन असते, एक थांबलेलं लग्न असतं, लातूरात ट्यूशनला पाठवायचं राहून गेलेलं एक लेकरू असतं. खरी गरज असेल तर जमीनही विकू, काही वाटणार नाही, माणूस महत्त्वाचा. पण गरज नसताना विकायला लावली, तर तो उपचाराचा खर्च नाही. ती लूट आहे, आणि तिला लूटच म्हणायचं.

ज्या डॉक्टरांना यातलं काही चूक वाटत असेल त्यांनी जरूर लिहावं, आकडे घेऊन लिहावं. आणि बाकीच्यांनी वरचे सहा प्रश्न घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमध्ये पाठवून ठेवा. ऐन वेळी शोधत बसायला वेळ नसतो.